परमुलखातील मरण

नोव्हेंबर हा ख्रिस्तसभेने आपल्या मृतांसाठी राखून ठेवलेला महिना. या दिवसांत गावोगावच्या दफनभूमीतील गवत कापले जाते, क्रुसांना चुना लागतो आणि दोन तारखेला प्रत्येक घर आपापल्या थडग्यापाशी मेणबत्ती घेऊन उभे राहते. गेल्या वर्षी त्या दिवशी आम्हांस एक माउली प्रवेशद्वारालगतच्या मोठ्या क्रुसापाशी एकटीच उभी दिसली. तिच्या यजमानांचे थडगे आत होते. तेथे मेणबत्ती लावून ती परत आली होती. दुसरी मेणबत्ती मात्र अजून तिच्या हातातच होती. आम्हांस पाहून ती म्हणाली, "मास्तर, थोरल्याची कुठे लावू? त्याची माती इथे नाही."

तिचा थोरला मुलगा आखातातील एका शहरी विजेच्या जोडण्यांचे काम करीत असे. २०२० सालच्या एप्रिल महिन्यात तो हृदयविकाराने तेथे वारला. ते महामारीचे दिवस होते. प्रवासी विमाने बंद होती. मालवाहू विमानांतून काही जणांचे देह मायदेशी आले खरे, पण त्याच महिन्यात अबू धाबीहून दिल्लीच्या विमानतळावर आलेल्या तीन शवपेट्या उतरवून न घेता परत धाडण्यात आल्या, असेही घडले. पुढे सरकारने याविषयी नियम घालून दिले. परंतु त्या आठवड्यात कोणासच काही निश्चित सांगता येत नव्हते. अशा वेळी त्या घरी फोनवर एक कागद आला. तेथेच दफन करण्यास कुटुंबाची संमती आहे, एवढाच त्याचा आशय होता. मृताच्या पत्नीने त्यावर सही केली. पदरी दोन मुले असलेल्या त्या तरुण विधवेची ती सही तिच्या सासूने पुढे कित्येक वर्षे मनात धरली. "तिने सही केली म्हणून माझा मुलगा वाळूत राहिला," असे ती म्हणे. एका चुलीवर जेवणाऱ्या त्या दोघी बायका त्या सहीविषयी मात्र एकमेकींशी अवाक्षर काढीत नसत.

त्या माउलीस आम्ही त्या दिवशी जे सांगितले, तेच आज या पानावर थोडे विस्ताराने मांडीत आहो. कारण आपल्या गावांतून आखातात, बोटींवर आणि दूरदेशी गेलेला माणूस नाही असे घर आता विरळाच. माणूस निघताना आपण त्याला लोणचे, पापड आणि आशीर्वाद बांधून देतो. मरणाची गोष्ट मात्र अभद्र म्हणून कोणी काढीत नाही. मग एके रात्री फोन वाजतो, आणि काय करावे हे घरात कोणालाच ठाऊक नसते.

पहिली गोष्ट ही की, परदेशात मेलेला मनुष्य कोणाचाच नसतो, हा समज खोटा आहे. वकिलातींच्या कारभाराविषयी राष्ट्राराष्ट्रांत १९६३ साली व्हिएन्ना येथे एक करार झाला. त्याच्या ३७ व्या कलमान्वये, एखाद्या देशात परकीय नागरिकाचा मृत्यू झाल्याची माहिती तेथील अधिकाऱ्यांस असली, तर ती त्यांनी विलंब न लावता त्या माणसाच्या देशाच्या वकिलातीस कळवावयाची असते. आपला मजूर तेथे वारला तर आपल्या वकिलातीस, आणि परदेशी पाहुणा गोव्यात वारला तर त्याच्या देशाच्या वकिलातीस, अशी ही दोन्ही बाजूंची बांधिलकी आहे.

पुढे काय घडते ते क्रमाने पाहू. मृत्यू इस्पितळात आणि आजाराने झाला असल्यास डॉक्टर कारण लिहून देतात व त्यावरून स्थानिक सरकार मृत्यूचा दाखला देते. अपघात, आत्महत्या किंवा अकस्मात मृत्यू असेल तर पोलीस चौकशी होते, आणि ती पुरी होईपर्यंत देह शवागारातून हलविता येत नाही. घरच्यांना जो उशीर असह्य होतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. त्यात मालकाचे कपट असेलच असे नाही. २०२४ सालच्या १२ जून रोजी कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीस आग लागून ४५ भारतीय मरण पावले, तेव्हा काहींची ओळख पटविण्यास डीएनएची तपासणी करावी लागली. तरीही १४ जूनला वायुदलाच्या विमानाने ते देह कोचीस पोहोचले. ती वेळ मोठ्या राष्ट्रीय आपत्तीची होती. एकट्यादुकट्या मजुराच्या वाट्यास अशी त्वरा येत नाही. त्याच्या घरच्यांनी आठवडा-दोन आठवड्यांची तयारी मनाशी ठेवावी हे बरे.

मृत्यूचा दाखला हाती आला म्हणजे आपली वकिलात मृत्यूची नोंद करते, पासपोर्ट रद्द करते आणि देह नेण्यास ना-हरकत दाखला देते. यासाठी वकिलातीस घरच्यांचे संमतिपत्र लागते. देह घरी आणावयाचा असो वा तेथेच पुरावयाचा असो, वारसाची सही दोन्ही प्रसंगी लागतेच. हे वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. त्या सुनेची सही म्हणजे आपल्या माणसाला टाकून दिल्याची खूण नव्हे. ती सही झाली नसती, तर तो देह शवागाराच्या थंड कपाटात तसाच पडून राहिला असता.

देह घरी यावयाचा असल्यास तो टिकावा म्हणून त्यात औषधी द्रव्ये भरतात. या क्रियेस एम्बामिंग म्हणतात, व तिचा निराळा दाखला असतो. मग देह पेटीत घालून ती पेटी मोहोरबंद करतात आणि विमानाच्या मालवाहू विभागातून पाठवितात. विमानतळावर उतारू जेथून बाहेर येतात, तेथून ती येत नाही. मालाच्या दारातूनच ती स्वीकारावी लागते. ज्या बापाने मुलाला वरच्या दाराने निरोप दिला, त्याला हे दार पाहून काय वाटत असेल हे आम्ही सांगावयास नको. पूर्वी आखातातून येणाऱ्या देहाचे भाडे मालाप्रमाणे वजनावर घेत असत. तिकडील भारतीयांनी याविरुद्ध दीर्घकाळ तक्रार केली, आणि २०१९ साली एअर इंडियाने अमिरातींतून येणाऱ्या देहांसाठी वजनाची पद्धत बंद करून पेटीमागे ठराविक आकार ठेवला. मेलेल्या माणसास तराजूत न घालण्याची ही सुधारणा आम्हांस लहान वाटत नाही.

इकडे विमानतळावरील आरोग्याधिकारी मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचा दाखला, वकिलातीचा ना-हरकत दाखला व रद्द केलेला पासपोर्ट पाहून परवानगी देतात. केंद्रीय आरोग्य खात्याने २०२३ साली यासाठी ई-केअर नावाची संगणकीय व्यवस्था सुरू केली. त्यामुळे हे कागद देह येण्यापूर्वीच तपासले जातात. पेटी घेण्यास जाणाऱ्याने स्वतःच्या ओळखीचा पुरावा व विमानकंपनीच्या मालपावतीची प्रत जवळ ठेवावी, आणि शववाहिका आधी सांगून ठेवावी. घरी आल्यावर पेटी उघडून चेहरा पाहण्याचा आग्रह होतो. देह अनेक दिवसांचा असेल, तर डॉक्टरांस विचारल्यावाचून तसे करू नये. आईला शेवटचे दर्शन हवे असते हे आम्ही जाणतो. परंतु काही दर्शने मनावर अशी कोरली जातात की जिवंतपणीचा चेहराच त्यांखाली पुसला जातो.

आता खर्चाचे. देह मायदेशी आणण्याचा भार अनेक ठिकाणी मालकावर असतो. सौदी अरेबियाच्या कामगार कायद्यात, कुटुंबाच्या संमतीने तेथेच दफन झाले नसल्यास, देह तयार करून मूळ ठिकाणी पोहोचविण्याचा खर्च मालकाने करावा असे स्पष्ट म्हटले आहे. बोटींवर काम करणाऱ्या आपल्या तारवटी बंधूंसाठी २००६ सालचा सागरी कामगार करार आहे. नोकरीच्या काळात खलाशी मरण पावल्यास अंत्यविधीचा खर्च जहाजमालकाकडे असतो. आणि २०२४ सालच्या डिसेंबरपासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, खलाशाची वा त्याच्या आप्तांची इच्छा असेल तसा देह अगर रक्षा घरी पाठविण्यास संबंधित देशांनी साहाय्य करावयाचे असते. ज्याचा मालक पळून गेला किंवा ज्याला कोणी वाली नाही, अशा गरजूसाठी आपल्या वकिलातींपाशी २००९ सालापासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. तो मागावा लागतो. आपण होऊन घरी चालत येत नाही.

ज्यांच्या पासपोर्टवर परदेशगमनाची तपासणी आवश्यक असा शेरा असतो, त्यांच्यासाठी प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. अपघाती मृत्यू झाल्यास तीत वारसास १० लाख रुपये मिळतात. भेटीच्या व्हिसावर जाऊन तेथे नोकरी धरणारा मनुष्य बहुधा या विम्यावाचूनच राहतो. दलालाच्या 'आधी जा, मग बघू' या शब्दावर निघणाऱ्या तरुणांनी एवढा एकच विचार केला तरी पुरे.

यावरून आमच्या दुसऱ्या अनुभवाकडे वळतो. तीनेक वर्षांपूर्वी जवळच्याच एका वाडीतील मनुष्य बांधकामावरून पडून परदेशी मरण पावला. मालक सरळ होता, पैशाची अडचण नव्हती. तरी देह यावयास जे दिवस लागले, त्यांतले पाच दिवस आपल्याच घरच्या घोळात गेले. पासपोर्टवर एक आडनाव, रेशनकार्डावर दुसरे, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तिसरेच. पत्नीचे नाव पासपोर्टवर नव्हते. आणि पासपोर्टची प्रत घरात कोणापाशीही नव्हती. नोकरीच्या कागदात वारस म्हणून लग्नापूर्वी लिहिलेले थोरल्या भावाचे नाव तसेच राहिले होते. त्यामुळे मृताच्या राहिलेल्या पगारावरून व सेवेच्या रकमेवरून भावाभावजयीत वाद उभा राहिला, आणि विधवेस वारस दाखल्यासाठी तहसीलदार कचेरीचे उंबरे झिजवावे लागले. कागदावर नाव कोणाचे का असेना, विधवा आणि लेकरे यांचा घास त्यांच्याच ताटात पडला पाहिजे, हे ख्रिस्ती भावांस कोणी शिकवावयास नको होते. पण दुःखाच्या घरात पैसा शिरला म्हणजे शहाणी माणसेही चुकतात.

म्हणून आमची प्रत्येक घरास विनंती आहे. परदेशी असलेल्या माणसाच्या पासपोर्टची, व्हिसाची, नोकरीच्या कराराची व विम्याची प्रत घरातल्या पेटीत ठेवा. त्याच्या मालकाचा आणि एखाद्या सहकाऱ्याचा पत्ता व फोन वहीत लिहून ठेवा. लग्न झाले की वारसाचे नाव बदला. सर्व कागदांवरील नावांची अक्षरे एकसारखी करून घ्या. तो तेथे कोणत्या चर्चला मिस्सेस जातो, हेही विचारून ठेवा. आणि तो सुटीवर येईल तेव्हा, जेवणे झाल्यावर, शांतपणे त्याला एवढे विचारा : देवाच्या इच्छेने काही बरेवाईट झालेच, तर तुला कोठे ठेवावे? हा प्रश्न अभद्र नाही. मागे राहणाऱ्या बाईच्या डोक्यावरचे मोठे ओझे त्याने उतरते.

तेथेच दफन करणे कमीपणाचे आहे काय? आमच्या मते मुळीच नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे अंत्यविधी सामान्यतः आपल्या पॅरिशच्या चर्चमध्ये व्हावा. परंतु मृत्यू अन्यत्र झाला व देह आणला गेला नाही, तर जेथे मृत्यू झाला तेथील पॅरिशमध्ये तो विधी होतो, आणि तेथील मृतांच्या नोंदवहीत नाव लिहिले जाते. प्रार्थना तीच, पवित्र पाणी तेच, आशाही तीच. आखातातील कित्येक शहरांत ख्रिस्ती लोकांसाठी दफनभूमी आहेत. दुबईची जेबेल अली येथे आहे. दहनाविषयीही पुष्कळ विचारतात. १९६३ सालापासून ख्रिस्तसभेने दहनास मुभा दिली आहे, मात्र दफनाचीच शिफारस कायम ठेवली आहे. आणि रक्षा घरात ठेवू नये, वाऱ्यावर वा पाण्यात सोडू नये, ती पवित्र जागीच ठेवावी, असे २०१६ साली पुन्हा स्पष्ट केले आहे.

पवित्र शास्त्रात दोन्ही उदाहरणे आहेत. आब्राहाम परदेशी असता त्याची पत्नी सारा हेब्रोन येथे मरण पावली. त्याच्या मालकीची तेथे हातभर जमीन नव्हती. त्याने ४०० शेकेल रुपे मोजून परक्यांकडून शेत व गुहा विकत घेतली आणि तिला तेथेच ठेविले. उलट योसेफ मिसर देशात वारला, तेव्हा त्याच्या देहास मसाले भरून पेटीत ठेवण्यात आले. आणि त्याने वचन घेतले होते म्हणून पिढ्यांनंतर मोशेने त्याच्या अस्थी बरोबर नेल्या व त्या शखेमास पुरल्या गेल्या. एक जेथे मेली तेथे राहिली, दुसरा घरी आला. देवाने दोघांनाही आपलेच म्हटले.

आपल्या संत फ्रान्सिस झेवियरांचे काय झाले? नवारा देशाचा हा पुत्र १५५२ सालच्या ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियान बेटावर वारला, तेव्हा त्याच्याजवळ त्याच्या समाजाचा एकही धर्मबंधू नव्हता. आंतोनियो नावाचा एक चिनी ख्रिस्ती तेवढा उशाशी होता. त्यानेच दोघाचौघांच्या मदतीने त्यांना माती दिली. पेटीत चुना भरला होता. अस्थी लवकर मोकळ्या होऊन नेता याव्यात हा हेतू. पुढे तो देह १५५३ साली मलाक्कास आणि १५५४ च्या मार्च महिन्यात गोव्यास आला. आज लाखो लोक ज्यांच्या दर्शनास जुन्या गोव्यात रांगा लावतात, त्यांना पहिली माती परमुलखात, परक्या हातांनीच मिळाली होती.

त्या माउलीची खरी व्यथा हीच होती. "त्याला माती कोणी दिली?" असे ती वारंवार विचारी. आम्ही चौकशी केली. तेथील फादरांनी मृतांच्या वहीतील नोंद पाहून कळविले की, त्या दिवशी गर्दीस बंदी असल्याने सहाच माणसांस येता आले. दोघे त्याच्या खोलीतले केरळचे, एक फिलिपिन्सचा, एक श्रीलंकेचा, एक मंगळूरचा आणि स्वतः फादर. ख्रिस्ती नसलेला एक सोबतीही दारापर्यंत आला होता व बाहेर उभा राहिला. नोंदीबरोबर थडग्याचे छायाचित्रही आले. साधा पांढरा क्रूस, त्यावर नाव आणि तारीख. माउलीने ते बराच वेळ पाहिले. मग तिने सुनेस हाक मारली व तिच्या हाती दिले. दोघी काय बोलल्या ते आम्ही ऐकले नाही, आणि येथे लिहिण्याचे कारणही नाही.

त्या सहा माणसांचे ऋण कसे फेडावे? ती मंडळी आपणांस कधी भेटणार नाहीत. परंतु आपल्या गावांतही परके येऊन मरतात. विटभट्टीवर, उसाच्या फडात, बांधकामावर परप्रांतीय मजूर मरतो. गोव्याच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुणा मरतो, आणि त्याचे आप्त व वकिलात यांचा निरोप येईपर्यंत देह शवागारात वाट पाहतो. कधी कोणीच येत नाही. यहूदाने टाकून दिलेल्या पैशातून याजकांनी परक्यांच्या दफनासाठी कुंभाराचे शेत घेतले, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. परक्याला कोपऱ्यातली जागा देऊन मोकळे होण्याची ही रीत जुनीच. तोबित मात्र स्वतः निनवेत परागंदा असूनही, भरल्या ताटावरून उठून अनोळखी मृतास उचलून आणी व सूर्यास्तानंतर माती देई. मृतांस पुरणे हे सात शारीरिक दयाकृत्यांपैकी एक आहे, हे आपण लहानपणी पाठ केले आहे. आपल्या वेशीत परका मेला असे ऐकू आल्यास चार जणांनी तरी जावे. तो कोणत्या धर्माचा याची चौकशी करून त्याच्या रीतीस जपावे. त्याच्या घरी त्याच्या भाषेत कोणाकरवी तरी कळवावे की त्याच्यापाशी माणसे होती.

या वर्षी दोन नोव्हेंबरला त्या घरातून सासू व सून या दोघींच्या नावे मिस्सा मागितली आहे. ज्यांची माती आपल्या दफनभूमीत नाही, अशा सर्वांसाठी त्या दिवशी मोठ्या क्रुसापाशी मेणबत्त्या लावण्याची व्यवस्था फादरांनी केली आहे. ज्यांच्या घरचे कोणी परमुलखात, समुद्रात वा अज्ञात ठिकाणी विसावले आहे, त्यांनी त्यांची नावे आदल्या रविवारपर्यंत मिस्त्रींच्या हाती लिहून द्यावीत. ती मोठ्याने वाचली जातील. ज्यांच्या घरी असे कोणी नाही, त्यांनीही एक मेणबत्ती आणावी. ज्याचे नाव कोणी लिहून देणार नाही, अशा एखाद्या परक्यासाठी ती लागेल. प्रभू सर्व मृतांस सार्वकालिक विश्रांती देवो.